धर्माशेठचं युरिक ॲसिड

आमच्या बिल्डिंगमधली माणसं रक्त तपासून आली की लॅबमधून सरळ डॉक्टरकडे जात नाहीत, आधी माझ्याकडे येतात. मी पनवेलच्या एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, एवढीच माझी पात्रता. पण एके काळी बेडकाचं पोट फाडून दाखवणाऱ्या बाईला माणसाच्या पोटातलंही कळत असणार, असं बिल्डिंगने परस्पर ठरवून टाकलं आहे. सुरुवातीला मी हौसेने सांगत असे. पुढे कंटाळा आला. आता कुणी कागद पुढे केला की मी चष्मा शोधते, वरपासून खालपर्यंत नजर फिरवते आणि 'डॉक्टरांना दाखवा' म्हणून परत देते. तीस-पस्तीस वर्षं पोरांना शिकवून घसा बसलेल्या बाईकडून याहून जास्त अपेक्षा कुणी करू नये.

याला अपवाद एकच होता, समोरच्या दारातले धर्मा गायकर. सगळे त्यांना धर्माशेठ म्हणत. त्यांना 'डॉक्टरांना दाखवा' म्हटलेलं चालत नसे. "डॉक्टर काय, गोल्या लिहून देतो. तुमी सांगा, लाल काय हाय का त्यात?" असं म्हणून ते सोफ्याच्या कडेवर बसत आणि मी वाचत असेपर्यंत पंख्याकडे बघत राहत. लॅबवाले वाढलेले आकडे ठळक काळ्यात छापतात. पण शेठच्या लेखी ते लालच. शाळेच्या प्रगतिपुस्तकावरची लाल रेघ त्यांच्या डोळ्यांसमोरून कधी गेलीच नव्हती बहुतेक.

शेठ मूळचे पनवेलजवळच्या नेरे गावचे. थोडी जमीन विकली होती, थोडी ठेवली होती, मुलगा मंडपाचा धंदा बघत होता, आणि बायकोच्या, म्हणजे तारावहिनींच्या, गुडघ्यांना गावातल्या घराच्या पायऱ्या झेपेनात म्हणून लिफ्टवाल्या बिल्डिंगमध्ये राहायला आले होते. माणूस आडवा, आवाज खणखणीत. लिफ्टमध्ये बोलले तरी वाटायचं, शेताच्या पलीकडच्या बांधावरच्या कुणाला हाक मारतायत. उजव्या पायाचा अंगठा केव्हा सुजेल याचा भरवसा नसल्यामुळे चपला घेताना ते एकाच रंगाचे दोन जोड घेत, एक नेहमीच्या मापाचा आणि एक दोन मापं मोठा. डावी चप्पल लहान जोडातली, उजवी मोठ्या जोडातली. उरलेल्या दोन बिनजोडाच्या चपला दाराबाहेरच्या रॅकवर पडून असत. तारावहिनी त्यावरून दर दिवाळीला कुरकुर करत आणि दर दिवाळीला त्या पुसून परत तिथेच ठेवत.

शेठच्या रिपोर्टात साखरेचा आकडा असे, चरबीचा असे, आणखी कशाकशाचे असत. त्यातल्या कशाशी त्यांना देणंघेणं नव्हतं. आपला मानायचा आकडा एकच, युरिक ॲसिड. त्याला ते नुसतं 'ॲसिड' म्हणत. "औंदा ॲसिड नऊवर गेलाय," हे ते अशा थाटात सांगत की ऐकणाऱ्याला वाटावं, नेऱ्यातल्या जागेचा भाव सांगतायत.

एकदा मी त्यांना नीट समजावून सांगितलं होतं. आपल्या शरीरातल्या पेशी जुन्या होतात, मोडतात. त्यांच्यात प्युरीन नावाचं द्रव्य असतं. मटणातून, कलेजीतून, सुकटीतूनही ते येतं. त्याचा शेवटी जो कचरा उरतो तो युरिक ॲसिड. मूत्रपिंडं तो बाहेर टाकतात. कचरा फार झाला किंवा नीट उचलला गेला नाही की रक्तात साठतो, आणि साठता साठता त्याचे सुईसारखे बारीक खडे होऊन सांध्यात जाऊन बसतात. बहुतेकदा पायाच्या अंगठ्यात, कारण तिथे शरीर थंड असतं.

शेठने मन लावून ऐकलं. मग म्हणाले, "म्हंजे नगरपालिकेची गाडी आली नाय तर नाक्यावर साचतो तसं."

"अगदी तसंच."

"मग चूक गाडीची. माझी काय?"

मी चहा टाकला.

खरं तर चूक नेमकी कुणाची हे मला ठाऊक होतं. पनवेलच्या आसपासच्या गावांत लग्नाच्या आदल्या दिवशी हळद असते, आणि हळदीला मटण असतं. लग्नाचं जेवण विसरलं जाईल, हळदीचं नाही. हजार-दीड हजार माणसांचं मटण मोठमोठ्या टोपांत शिजतं, पण जाणत्या माणसाने चव घेतल्याशिवाय टोप चुलीवरून उतरवायचा नाही, अशी यांच्या भावकीतली रीत. तो जाणता माणूस म्हणजे धर्माशेठ. बेलपाड्याहून गाडी यायची, रोडपालीहून यायची. शेठ टोपाशी जायचे, डाव्या तळहातावर पळीने रस्सा घ्यायचे, फुंकर घालून चाटायचे आणि डोळे मिटायचे. वाजंत्री सोडून सगळे गप्प. मग ते 'मीठ' म्हणायचे किंवा 'उतरवा' म्हणायचे. उतरवा म्हटलं की आचारी त्यांच्या पाया पडायचा. एवढा मान असलेल्या माणसाला कलेजीचा पहिला वाटा, वर एक पेला, मग दुसरा पेला, हे आलंच. लग्नसराईत एका आठवड्यात चार-चार हळदी. अंगठा काय करणार बिचारा!

दर काही महिन्यांनी डॉक्टर रक्त तपासायला सांगत, आणि शेठ तपासणीला परीक्षेसारखे बसत. तारीख ठरली की अभ्यास सुरू. आठवडाभर मटण बंद, मासळी बंद, पेला बंद. नुसता दुधी आणि भात. त्या आठवड्यात समोरच्या दारातून तळणाचा वास येत नसे आणि शेठ कुणाशी धड बोलत नसत. तारावहिनी जिन्यात भेटल्या की हळूच म्हणत, "परीक्षा हाय ना, म्हनून तोंड वाकडं." मग रिपोर्ट यायचा. सातच्या आत पास, आणि आकडा सहा पूर्णांक काहीतरी. शेठ तो घेऊन माझ्याकडे, माझ्याकडून पेढेवाल्याकडे आणि पेढेवाल्याकडून उरण नाक्याच्या मासळीबाजारात. संध्याकाळी आमच्याकडे पेढे यायचे आणि समोरून पापलेट तळल्याचा वास.

"शेठ," मी एकदा वैतागून म्हटलं, "ही परीक्षा नाहीये. तुम्ही रोज कसे राहता ते डॉक्टरांना कळावं म्हणून रक्त घेतात. तुम्ही त्यांना एका आठवड्याचं रक्त दाखवता आणि वर्षभर वेगळंच जगता. यात फसतंय कोण?"

"डॉक्टर," शेठ म्हणाले, आणि इतकं मोकळं हसले की मलाही हसू आवरेना.

पण या अभ्यासानेच त्यांचा एकदा घात केला. श्रावण होता. मुलीकडे बारशाला जाऊन आल्यावर पाय ठणकायला लागला होता, म्हणून डॉक्टरांनी दोन-तीन दिवसांतच रक्त द्यायला सांगितलं. अभ्यासाला वेळ कमी. शेठने ठरवलं, निम्मं-शिम्मं नको, कडकडीत उपास करायचा. पोटात काही गेलंच नाही तर कचरा येणार कुठून? तारावहिनी साबुदाणा घेऊन मागे लागल्या, पण शेठने त्यालाही हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी डोळे खोल गेलेले, पण चेहऱ्यावर पहिला नंबर काढणाऱ्या मुलाचं तेज. रिपोर्ट आला, दहाच्या वर! त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा आकडा.

शेठ लॅबमध्ये जाऊन भांडून आले. रक्त बदललं म्हणाले. दुसऱ्या कुणा बेवड्याचं रक्त माझ्या नावावर घातलंय म्हणाले. काउंटरवरची मुलगी रडायला आली तेव्हा तिला स्वतःच पाणी दिलं आणि मग माझ्याकडे आले.

मी विचारलं, "उपास केला होता?"

"कडक!"

"म्हणूनच वाढलं. पोटात काही नसलं की शरीर स्वतःलाच जाळून खातं. त्याचाही कचरा होतोच. शिवाय अशा वेळी मूत्रपिंडं युरिक ॲसिड बाहेर टाकायला कुचराई करतात. जेवून गेला असतात तर कमी आलं असतं."

शेठने पंख्याकडे बघितलं. मग म्हणाले, "म्हंजे मटन खाल्लं तरी वाढतं, नाय खाल्लं तरी वाढतं. मग खाल्लेलं काय वाईट?"

मी वर्गात तीस वर्षं तर्कशास्त्राच्या वाटेला गेले नाही ते बरं केलं, असं त्या दिवशी वाटलं.

याच्या उलट गंमत बेलपाड्याच्या हळदीला झाली. गंमत म्हणायची आपली. टोप उतरला, पंगती बसल्या, आणि उत्तररात्री शेठचा अंगठा पेटला. दुसऱ्या दिवशी सकाळी चौघांनी उचलून त्यांना लिफ्टमधून वर आणलं. मी बघायला गेले. एवढा आडदांड माणूस पलंगावर पडून लहान मुलासारखा कण्हत होता. अंगठा वांग्यासारखा जांभळा, चकचकीत. पायावर चादर टाकू देत नव्हते. चादरीचंही वजन सोसवत नव्हतं. तारावहिनी पायथ्याशी बसून पुठ्ठ्याने वारा घालत होत्या, आणि वारा जरा जोरात लागला तरी शेठ ओरडत होते.

त्याच दिवशी घरी येऊन रक्त नेलं. रिपोर्ट नॉर्मल! तो वाचून शेठ पलंगावर उठून बसले. "मॅडम, बघा. नॉर्मल! आता सांगा, रिपोर्ट खोटा का पाय खोटा?"

दोन्ही खरे होते. ऐन झटक्याच्या वेळी रक्तातला आकडा कधी कधी उतरलेला दिसतो. म्हणून त्या दिवशीच्या रिपोर्टवर भिस्त ठेवायची नसते. झटका ओसरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त बघायचं असतं. हे मी सांगितलं, डॉक्टरांनीही सांगितलं. पण शेठने हवं तेवढंच उचललं. तो नॉर्मल रिपोर्ट त्यांनी टीव्हीवर गणपतीच्या फोटोला टेकवून ठेवला आणि डॉक्टरांनी लावून दिलेली ॲसिड कमी करायची रोजची गोळी बंद करून टाकली. नॉर्मल माणसाने गोळी कशाला खायची?

दुखलं तर काय, याचा बंदोबस्त मात्र त्यांनी आधीच केला होता. कुठल्याशा मेडिकलवाल्याने दिलेली दुखणं मारायची गोळी ते शर्टाच्या खिशात बाळगत. हळदीला निघण्याआधी एक, आल्यावर एक. दुसऱ्या कुणाचे गुडघे दुखत असले तर सुपारी द्यावी तशी पट्टीतली एक गोळी काढून देत. मी सांगून थकले की ही गोळी दुखणं झाकते, ॲसिडला काही करत नाही, आणि पोटात गेली की आधी मूत्रपिंडांच्याच मुळावर उठते. शेठ मान हलवत. मान हलवण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नव्हतं.

या सगळ्यात तारावहिनी कुठे होत्या? त्या स्वयंपाकघरात होत्या. दुधी किसत होत्या, पापलेट तळत होत्या, वारा घालत होत्या. घरात रिपोर्ट म्हटलं की शेठचा. वहिनींचं रक्त कधी कुणी काढलंच नव्हतं, त्यांनीही काढायला सांगितलं नव्हतं. पाय सुजतात म्हणायच्या, पण त्या वयाच्या बायका तसं म्हणतातच. तोंडाला चव नाही म्हणायच्या. मीही ऐकलं आणि सोडून दिलं, सगळ्यांनीच सोडून दिलं. एका सकाळी त्या दूध घ्यायला दारात आल्या आणि तिथेच बसल्या. दवाखान्यात नेलं तेव्हा कळलं, रक्तदाब कित्येक वर्षांपासून वाढलेला, आणि त्याने दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेलेली.

आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. डॉक्टरांनी सांगितलं, मूत्रपिंड मिळालं तर बदलता येईल. मुलगा तयार झाला, मुलगी तयार झाली. वहिनींनी दोघांनाही हात जोडले. "पोरांचं नको. मी काय पोरांचं खायला बसलेय?" एवढंच बोलल्या. कितीही समजावलं तरी त्या जागच्या हलल्या नाहीत.

त्या आठवड्यात शेठ माझ्याकडे आले. हातात कागद नव्हता. सोफ्याच्या कडेवर न बसता नीट मागे टेकून बसले, आणि पहिल्यांदाच पंख्याकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, किडनी द्यायची तर ॲसिड किती लागतं?"

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं.

मी सांगितलं की प्रश्न एकट्या ॲसिडचा नाही. मूत्रपिंडं कशी चालतात ते सांगणारा क्रिएटिनिन म्हणून एक आकडा असतो, स्कॅन असतात, आणखी बरंच काही बघतात. रक्तगट जुळत होता, तेवढं त्यांनी आधीच विचारून घेतलं होतं. आम्ही वहिनींच्या डॉक्टरांना भेटलो. त्यांनी शेठचं रक्त बघितलं. क्रिएटिनिन काठावर होतं. डॉक्टर म्हणाले, "ती दुखण्याची गोळी आजपासून बंद. युरिक ॲसिड औषधाने सहाच्या खाली आणा आणि तिथेच राहू द्या. काही महिन्यांनी पुन्हा सगळं तपासू. पण काका, आशा फार धरू नका."

शेवटचं वाक्य शेठच्या कानापर्यंत गेलं नसावं.

त्यानंतरचे धर्माशेठ मी ओळखलेच नाहीत. खिशातली गोळ्यांची पट्टी कचऱ्यात गेली. ॲसिडची रोजची गोळी नेमाने सुरू झाली. ती सुरू केल्यावर पहिले काही आठवडे जुने खडे विरघळताना झटके जास्त येतात, तसे आलेही. शेठ गोळी न सोडता कण्हत पडून राहिले. पेला बंद, कलेजी बंद. तपासणीची तारीख लांब होती आणि तरीही सगळं बंद होतं. डायलिसिसच्या दिवशी वहिनींना गाडीत बसवायचे, चार तास बाहेरच्या बाकावर बसायचे, परत आणायचे. वहिनी मला म्हणाल्या, "बाय, यांना सांग ना. एवढं नको करू म्हनावं. मना बघवत नाय."

त्याच सुमारास नेऱ्याला त्यांच्या पुतण्याची हळद होती. आम्हालाही बोलावणं होतं. टोप शिजले, आणि आचाऱ्याने पळी शेठच्या पुढे धरली. शेठने तळहात पुढे केला नाही. आजूबाजूला कुजबुज झाली. थोरला भाऊ पुढे आला, म्हणाला, "अरे धर्मा, नुसता थेंब. थेंबाने काय होतंय? रीत हाय."

थेंबाने खरंच काही झालं नसतं. मी मागे उभी होते, मी सांगूही शकले असते. पण शेठचा चेहरा बघून गप्प राहिले. ते टोपावर वाकले. वाफ तोंडावर घेतली. मग म्हणाले, "उतरवा." आणि चालत अंगणाबाहेर, आंब्याखाली ठेवलेल्या खुर्चीत जाऊन बसले. आचारी पाया पडायला मागोमाग गेला तेव्हा त्याला हाताने परत पाठवलं. मीठ कमी होतं, हे जेवताना सगळ्यांना कळलं. कुणी बोललं नाही.

काही महिन्यांनी रिपोर्ट आला. युरिक ॲसिड साडेपाचच्या आसपास. दार उघडंच होतं, शेठ आत आले आणि कागद माझ्यासमोर टेबलावर ठेवून उभे राहिले. "कॉपी न करता पास," म्हणाले. मी त्यांच्यासाठी चहा केला. एवढा आनंद मला माझ्या पोरांच्या निकालाचासुद्धा झाला नव्हता.

मग बाकीच्या तपासण्या झाल्या. दोन्ही मूत्रपिंडांत खडे होते. मूत्रपिंडं किती गाळतात ते मोजणारी तपासणी असते, तीत दोन्ही कमजोर निघाली. डॉक्टर भला माणूस. त्याने शेठना खुर्ची दिली, हातावर हात ठेवला आणि सांगितलं, "यातलं एक काढलं तर उरलेल्या एकावर तुमचंच चालायचं नाही. मग तुमच्यासाठी डायलिसिसचं दुसरं मशीन बघावं लागेल."

दुसऱ्या दिवशी शेठ तो गठ्ठा घेऊन माझ्याकडे आले. "मॅडम, यात काय चूक हाय का बघा. तुमी नीट बघा."

मी नीट बघितलं. चूक नसणार हे ठाऊक असूनही सगळी पानं वाचली, कारण ते उभे होते आणि मला वर बघायचं नव्हतं. शेवटी मान वर करावी लागली.

"एवढे महिने एक घास चुकलो नाय," शेठ म्हणाले. आवाज अगदी बारीक होता. तो खणखणीत आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "ॲसिड पास झाला ना? मग?"

"शेठ, ॲसिड आत्ताचं सांगतं. मूत्रपिंडांना मागचं सोसावं लागलंय. ते खडे, त्या गोळ्या..." जन्मभर लोकांना आकडे समजावून सांगितले, पण इतका शीण मला कधीच आला नव्हता.

ते खाली बसले. रडले नाहीत. "गाडीची चूक नव्हती तर," एवढंच पुटपुटले, आणि थोड्या वेळाने कागद न घेताच गेले. ते कागद मी संध्याकाळी मुलाकडे दिले.

वहिनींचं नाव मृत दात्याच्या मूत्रपिंडासाठी प्रतीक्षायादीत घातलं आहे. वाट बघायची. डायलिसिस कळंबोलीला, आणि मुलगी तिथून जवळच रोडपालीला राहते, म्हणून दोघं तिच्याकडे राहायला गेली. समोरच्या दारात आता दुसरं बिऱ्हाड आहे. नवरा-बायको दोघं नोकरीवर जातात, रिपोर्ट मोबाइलवर बघतात आणि मला काही विचारत नाहीत. मला बरं वाटायला हवं, पण वाटत नाही.

मागे एका रविवारी मी रोडपालीला जाऊन आले. आदल्या दिवशीच डायलिसिस झालं होतं. वहिनी पलंगावर बसल्या होत्या, चेहरा राखेसारखा, पण मला बघून हसल्या. उशाशी एक छोटा तांब्या झाकून ठेवला होता. दिवसाचं पाणी तेवढंच. मूत्रपिंडं काही बाहेर टाकत नाहीत, तेव्हा प्यायलेलं पाणी अंगातच राहतं, छातीत चढतं. त्या घोट घ्यायच्या, तोंडात फिरवायच्या आणि गिळायला उशीर लावायच्या. ओठ तडकले होते. बोलता बोलता त्यांची नजर सारखी तांब्याकडे जायची आणि त्या ती वळवून घ्यायच्या.

शेठना डॉक्टरांनी उलटंच सांगितलं होतं. मूत्रपिंडांत जेवढा जीव उरलाय तो सांभाळायचा तर भरपूर पाणी प्या, दिवसभर पीत राहा, नाहीतर खडे वाढतील. त्यांचा चेहराही सुकला होता. आमच्या गप्पा चालू असताना ते मध्येच उठले, "आलो जरा," म्हणाले आणि लंगडत बाहेर गेले. बराच वेळ आले नाहीत.

मी निघाले तेव्हा ते जिन्याच्या वळणावर दिसले. घराच्या दाराकडे पाठ. हातात पाण्याची मोठी बाटली. गटागटा आवाज होऊ नये म्हणून थोडं थोडं ओतून घेत, मध्ये थांबत पीत होते. मला बघितलं आणि बाटली खाली घेतली.

"तिच्यासमोर घोट उतरत नाय, मॅडम," ते म्हणाले. "आत जेवताना पन मी पानी घेत नाय. इथे येऊन पितो. तिला वाटतं, मी पाय मोकले करतो."

मी काही बोलणार तेवढ्यात आतून वहिनींचा आवाज आला. थकलेला, पण स्पष्ट.

"अवो, पिलाव का पानी? जिन्यात काय पिता, आत येऊन प्या. तुमी पिता ते बघून मना बरं वाटतं."

शेठने मान खाली घातली. बाहीने तोंड पुसलं. मग बाटली घेऊन आत गेले. मी पाठोपाठ दारापर्यंत गेले, पण आत शिरले नाही. ते पलंगासमोरच्या खुर्चीवर बसले होते आणि बाटली तोंडाला लावून पाणी पीत होते, आणि तारावहिनी त्यांच्या हलणाऱ्या गळ्याकडे टक लावून बघत होत्या.